जैसलमेरची उंट सफारी : दोन रात्री, चार माणसं. काय बघून ठरवावं?

सोनटक्का
जैसलमेरहून दोन रात्री, तीन दिवसांची उंट सफारी करायचं घाटतंय. माणसं चार : आम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई (वय ६८, गुडघे थोडे कुरकुरतात, बाकी ठणठणीत). डिसेंबर ते फेब्रुवारीतला कुठलाही आठवडा चालेल.
चौकशी केली की जो तो एकच विचारतो, तंबू साधा हवा की एसी? उंटाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून इथे विचारते. सम की खुरी, कुठल्या गावाच्या वाळूत जावं? दिवसाला किती तास उंटावर बसणं झेपतं? उंट आणि उंटवाला बरा आहे की नाही हे नवख्या माणसाने कसं ओळखायचं? आणि सासूबाईंनी बसावं का?

धोरेवाला
सम जैसलमेरच्या पश्चिमेला साधारण ४० किलोमीटरवर, खुरी नैर्ऋत्येला ४५-५० किलोमीटरवर. समला रस्त्याला लागूनच उंच धोरे (वाळूच्या टेकड्यांना तिकडे धोरा म्हणतात) आहेत, त्यामुळे गर्दी तिथेच. जीप धोऱ्यांवर उड्या मारतात, रात्री ध्वनिवर्धक चालू असतात, आणि 'उंट सफारी' म्हणून मिळते ती रस्त्यापासून धोऱ्यापर्यंत अर्ध्या तासाची ये-जा. सूर्यास्त बघायला ती पुरते. त्याला सफारी म्हणणं मात्र जास्तीचं आहे. खुरी त्या मानाने निवांत. आणखी शांतता हवी असेल तर मुख्य धोरे सोडून आडबाजूच्या ढाण्यांकडे (वस्त्यांकडे) नेणारा माणूस शोधा. जीपने गावापर्यंत जायचं आणि तिथून उंट.
दोन रात्री जाणार असाल तर एक गोष्ट मनाशी पक्की असू द्या. थर म्हणजे डोळे पोहोचतील तिथवर वाळू, असं नाही. वाटेतला बराच भाग कडक, दगडगोट्यांचा माळ असतो. केरची झुडपं, बोर, रुई, खेजडी (शमी), मध्ये एखादं गवार-बाजरीचं शेत, शेळ्या, पाण्याची बेरी (छोटी विहीर). ज्यांना फक्त वाळूचे फोटो हवे असतात त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी कंटाळा येतो. ज्यांना मुलूख बघायचा असतो त्यांना तिसरा दिवस कमी पडतो.
तासांचं म्हणाल तर उंट चालीने ताशी ४-५ किलोमीटर जातो. सकाळी नऊच्या सुमारास निघून दोन तास, मग खेजडीखाली लांबलचक दुपार, मग तीनपासून पुन्हा दोन तास. दिवसाला १५-१८ किलोमीटर होतात. नवख्याला याहून जास्त देऊ नये. पहिल्या दिवशी तर दीड-दोन तासच.

भाकरतुकडा
दोन रात्री कशाला? एक रात्र करा, उरलेला दिवस किल्ला, जुनी राजधानी लोद्रवा, ओसाड गाव कुलधरा यांना द्या. लहान मूल आणि वडीलधारं माणूस सोबत असताना एका रात्रीत हौस भागते.

धोरेवाला
@भाकरतुकडा, हौसच असेल तर एक रात्र बरोबर. पण पहिला दिवस मांड्या आणि कंबर उंटाच्या चालीला जुळवण्यातच जातो. खरी मजा दुसऱ्या सकाळी सुरू होते, आणि एका रात्रीच्या सफारीत त्याच सकाळी परतीची जीप उभी असते. कुलधरा समच्या वाटेवरच आहे, ते येता-जाता होतं. त्यासाठी दिवस खर्ची घालायची गरज नाही.

तंगतोबरा
बसायचं कसं, हे कोणी आधी सांगत नाही आणि पडणारे तिथेच पडतात.
उंट बसलेला असतानाच, उंटवाल्याने दोरी धरल्यावर डावीकडून चढायचं. पाय पलीकडे टाकला की खोगिराची पुढची लाकडी खुंटी दोन्ही हातांनी धरायची. (खोगिराला तिकडे पलाण म्हणतात. आपल्या जुन्या मराठीतलं पालाण तेच.) उंट उठतो तो तीन झटक्यांत. आधी पुढच्या गुडघ्यांवर येतो, तेव्हा थोडं मागे कलतो. मग मागचे पाय एकदम सरळ करतो, तेव्हा स्वार पुढे फेकला जातो. माणूस मानेवरून खाली जातो तो याच झटक्यात. शेवटी पुढचे पाय सरळ होतात आणि आपण मागे येतो. म्हणून तो हलायला लागला की कंबरेतून मागे रेलायचं आणि तो चारही पायांवर उभा राहीपर्यंत तसंच राहायचं. बसतानाही पहिला झटका पुढेच असतो, तेव्हाही मागेच रेलायचं. खोगिरावर बसलेला माणूस जमिनीपासून दोन मीटरपेक्षा उंच असतो. फोन, सेल्फी काठी, पाण्याची बाटली यातलं काहीही हातात घेऊन चढू-उतरू नये.
चालताना मांड्यांनी आवळून धरू नका. घोड्याची सवय असलेले हीच चूक करतात. उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकत्र उचलतो, त्यामुळे स्वार पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे डोलतो. कंबर सैल सोडून त्या डुलण्याबरोबर जायचं. सफारीच्या बऱ्याच पलाणांना रिकीब (पाय टेकायची कडी) नसते. पाय दिवसभर लोंबकळत राहतात आणि मांडीच्या आतला स्नायू धरतो. ठरवतानाच 'पागडा' आहे का विचारा. रिकिबीला तोच शब्द आहे. नसेल तर दोरीचे फास बांधून मागा, पाच मिनिटांचं काम आहे. पायाचा फक्त चवडा टेकेल एवढेच ते मोठे असावेत. अख्खं पाऊल आत गेलं तर पडताना अडकतं.
आणि दर पाऊण तासाने उतरून दहा मिनिटं चाला. हा सल्ला माणूस आणि उंट, दोघांसाठी आहे.

कोकणातला
साप? विंचू?

धोरेवाला
@कोकणातला, तुमच्याकडचं फुरसंच तिथेही आहे, तिकडे त्याला बांडी म्हणतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत साप फारसे हिंडत नाहीत, ऑक्टोबर आणि मार्चमध्ये जपावं लागतं. सकाळी बूट उलटे करून झटकायचे, बिछाना अंधार पडायच्या आत घालायचा, जळणाची काटकी उचलताना हात घालण्याआधी पायाने हलवायची, रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. तिकडे 'पीवणा' नावाचा साप झोपलेल्याचा श्वास पितो अशी समजूत आहे. तो मण्यारीच्या जातीचा साप. त्याचा दंश दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही, माणूस झोपेतच अत्यवस्थ होतो, म्हणून ती कथा तयार झाली. पहाटे कोणाच्या पापण्या जड झाल्या, गिळता येईना, पोटात कळ आली, तर दंश दिसत नसला तरी थेट जैसलमेरचं सरकारी रुग्णालय. मुक्कामाच्या जागी फोनला रेंज आहे का आणि जीप किती वेळात पोहोचते, हे आधी विचारून ठेवायचं ते याचसाठी.

गोठा_ते_दवाखाना
पशुवैद्य म्हणून लिहितो. उंट कसा ओळखायचा हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारलेला दिसतो, बरं वाटलं.
खोगीर चढवायच्या आधी पोहोचा आणि उघड्या पाठीचा उंट बघा. वशिंडाच्या दोन्ही बाजू, पाठीचा कणा आणि छातीखाली तंग (पोटपट्टा) बसतो ती जागा, या तीन ठिकाणी जखमा होतात. केस गेलेला जुना पांढरा व्रण चालतो. ओली जखम, माश्या, हात लावताच अंग आखडणं, यातलं काहीही दिसलं तर तो उंट नको म्हणून सांगा. वशिंड ताठ आणि भरलेलं हवं, ते चरबीचं असतं. एका बाजूला लुळं पडलेलं म्हणजे उपासमार. मग नाक. नाकपुडीतल्या लाकडी खुंटीच्या मुळाशी पू किंवा रक्त नको. खुंटीला जोडलेली दोरी पातळ, सुती असावी, म्हणजे झटका बसला तर दोरी तुटते, नाक फाटत नाही. जाड नायलॉनची दोरी थेट खुंटीला बांधलेली दिसली तर उंटवाला निष्काळजी आहे असं खुशाल समजा. रांगेतला मागचा उंट पुढच्याच्या पलाणाला बांधतात, तिथेही हाच नियम. शेवटी वीस पावलं चालवून बघा, लंगडतो का.
काखेत, जांघेत, मानेवर केस झडून कातडी जाड आणि सुरकुतलेली झाली असेल, उंट सारखा अंग घासत असेल, तर ती खरूज. हिवाळ्यात वाढते, आणि जवळून हाताळणाऱ्या माणसालाही काही दिवस खाज देते. त्याची झूल अंथरूण म्हणून वापरू नका.
आता थंडीतली मोठी अडचण. डिसेंबर ते फेब्रुवारी हा पर्यटकांचा हंगाम आणि नर उंटांचा माजाचाही. सफारीत बहुतेक नरच असतात. माजावर आलेला उंट तोंडातून गुलाबी फुगा बाहेर काढून गुळण्या केल्यासारखा आवाज करतो. मऊ टाळूचा तो भाग असतो. तोंडाला फेस, दातांचा करकर आवाज, मानेच्या मागे कानांजवळ काळपट, उग्र वासाचा स्राव, शेपटीने पाठीवर उडवलेलं मूत्र. ही लक्षणं दिसली की तो कितीही देखणा असो, त्यावर मुलीला बसवू नका. तो दुसऱ्या नरावर धावून जातो, चावतो, आणि उंटाचा चावा हाड मोडू शकतो. चांगला उंटवाला असा उंट स्वतःच घरी ठेवून येतो.

सोनटक्का
डॉक्टर, हे सगळं उतरवून घेतलं. खोगीर चढवायच्या आधी पोहोचायचं, हे एरवी सुचलंच नसतं.

मुकी_जनावरे
मला हा धागा वाचून वाईट वाटतंय. नाकात खुंटी ठोकलेल्या जनावरावर हौसेसाठी बसायचं आणि वर खुंटीला पू आहे का ते बघायचं? न बसणं हाच खरा पर्याय. वाळवंट पायी बघता येतं.

गोठा_ते_दवाखाना
@मुकी_जनावरे, तुमची तळमळ रास्त आहे, आणि खुंटीऐवजी मुसक्यासारख्या दोरीवर चालणारे शांत उंट असतात, तसे मागावेतच. पण दुसरी बाजू बघा. २०१२च्या पशुगणनेत देशात सुमारे ४ लाख उंट होते, २०१९च्या गणनेत अडीच लाख. सात वर्षांत एक तृतीयांशाहून जास्त घट. ट्रॅक्टर आले, गाड्या आल्या, चराऊ रानं आक्रसली. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राणी केलं आणि २०१५ मध्ये कत्तल व राज्याबाहेर नेण्यावर बंधनं आणणारा कायदा केला. हेतू चांगला. पण नर उंटाला गिऱ्हाईक उरलं नाही आणि बाजारातले भाव कोसळले, असं रायका-रबारी पशुपालक सांगत आले आहेत. आज नर उंटाला थेट रोकड मिळवून देणाऱ्या वाटा मोजक्या : उंटगाडी, सफारी, जत्रा. त्यातली एक बंद झाली तर तो उंट मोकळा बागडत नाही, तो बेवारस होतो.

मुकी_जनावरे
आकडे मान्य. तरी एका उंटावर दोन-दोन मोठी माणसं आणि वर पोर, हे समला सर्रास दिसतं. त्यावर तरी इथे एकमत व्हावं.

तंगतोबरा
त्यावर पूर्ण एकमत. एका उंटावर एक मोठा माणूस. पलाण, रजया आणि सामान मिळून आधीच ५०-६० किलो झालेलं असतं. त्यावर ७० किलोचा एक माणूस ठीक, दोन नाहीत. दुसरं कारण स्वाराच्या सोयीचं. दोन आसनी पलाणावर वशिंड मध्ये येतं आणि मागचा माणूस थेट मागच्या पायांवर बसतो. तिथे धक्के दुप्पट. मुलगी आईच्या मागे बसण्यापेक्षा तिला वेगळा उंट द्या आणि त्याची दोरी उंटवाल्याच्या हातात, तो पायी चालत. डोक्याला सायकलचं हेल्मेट. तिकडे मिळत नाही, घरून न्यावं.
सामानही दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचं. जुन्या पडशीसारखी दोन तोंडांची पिशवी उत्तम. एक बाजू जड झाली की पलाण सरकतं, वशिंड सोलवटतं आणि उतारावर अख्खी बैठक फिरते. अर्ध्या तासाने थांबून तंग पुन्हा आवळायला सांगा, गाद्या दबल्या की तो ढिला पडतो. पाठीवर सॅक घेऊन बसू नका. आणि उंटावर बसून छत्री, प्लास्टिकचा रेनकोट, फडफडणारी पिशवी उघडू नका. शांत उंटही त्याने बुजतो.

दुबईकर
दुबईत 'डेझर्ट सफारी' म्हणजे मोठी जीप, आणि उंट शेवटी पाच-दहा मिनिटं. इथे ती करून जैसलमेरलाही तसंच समजणाऱ्यांसाठी धोरेवाल्यांचा पहिला प्रतिसाद वाचायलाच हवा असा आहे. माझा प्रश्न : पासपोर्ट परदेशी असेल तर काही अडचण?

धोरेवाला
@दुबईकर, सम-खुरीपर्यंत नाही. त्यापुढे सीमेकडच्या गावांना परदेशी नागरिकांना जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते, त्यामुळे उंटवाला 'चला, आणखी पुढे नेतो' म्हणाला तरी जाऊ नका. उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही, परदेशात ते गिर्यारोहकांकडे सर्रास असतं म्हणून सांगतो. ड्रोनही घरीच ठेवा. एका बाजूला हवाई दलाचा तळ, दुसरीकडे सीमा.

बखरनवीस
अवांतर, पण राहवत नाही. उंट मराठी भाषेला परका नाही. पेशवाईच्या पत्रांत पावलोपावली येणारा सांडणीस्वार म्हणजे वेगवान सांडणीवरून, म्हणजे उंटिणीवरून टपाल नेणारा जासूद. आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर अब्दालीच्या जंबुरका, म्हणजे उंटाच्या पाठीवरून डागायच्या छोट्या फिरत्या तोफा, किती भारी पडल्या हे सर्वश्रुत आहे. उंट बसवला की तोफेचा तळ तयार. जड तोफा मातीत रुतत असताना या जंबुरका हव्या तिथे हलवता येत.

भाकरतुकडा
अवांतरात भर : विदर्भात कच्छी रबारी मेंढ्यांच्या कळपांबरोबर उंट घेऊन फिरतात. उंटाच्या पाठीवर खाट, भांडी, कोकरं, अख्खा संसार. तेव्हा उंट बघायला जैसलमेरच गाठायला हवं असं नाही.

हिंगजिरे
पाण्याचा हिशेब कोणी मांडला नाही. चार पाहुणे, दोन उंटवाले, दोन पूर्ण दिवस. थंडीतही पिण्यासाठी माणशी दिवसाला ४ लिटर धरा, ४८ लिटर झाले. स्वयंपाक, चहा, हात धुणं यांचे आणखी २०-२५. म्हणजे ७० लिटर, अर्थात वीस लिटरचे चार कॅन, ऐंशी किलो. हे तुमच्या बसायच्या उंटांवर लादलं जात असेल तर तंगतोबरा यांचा हिशेब कोलमडतो. म्हणून पाणी वेगळ्या उंटावर की जीपने मुक्कामाला, हे ठरवतानाच विचारा. पिण्याचं पाणी सीलबंद. विहिरीचं पाणी खारट असतं, उकळून जंतू मरतात पण खारटपणा जात नाही, आणि सवय नसलेल्याचं पोट त्याने बिघडतं.
जेवण साधंच : बाजरीची भाकरी किंवा बाट्या, डाळ, बटाटा, कधी केर-सांगरी (केरची फळं आणि खेजडीच्या शेंगांची भाजी). भाकरी आपल्यासारखीच थापून, फक्त जाड. वारा असेल तर पिठात वाळू येणारच. परात चुलीच्या वाऱ्याआडच्या बाजूला ठेवावी आणि पीठ मळताना वर ओलं फडकं धरावं, फरक पडतो. भांडी वाळूने घासतात, ती स्वच्छ निघतात, पण शेवटी थोड्या पाण्याने विसळायला सांगा. शेंगदाण्याचा लाडू, गूळपोळी, चिवडा घरचा न्या. मीठ-साखरेची पाकिटं दहा तरी. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि दुसऱ्या दुपारी डोकं धरून बसतात.
उंटांना रोज पाणी पाजताना दिसलं नाही तर घाबरू नका. थंडीत हिरवा पाला चरणारा उंट काही दिवस पाण्याशिवाय सहज राहतो.

सोनटक्का
कपडे? जीन्स चालेल ना?

तंगतोबरा
जीन्स नको. मांडीच्या आतली जाड शिवण नेमकी पलाणावर येते आणि दोन तासांत कातडी सोलते. सैल, लांब, सुती विजार किंवा जाड सलवार. आत सायकलस्वारांची गादीवाली चड्डी असेल तर सोन्याहून पिवळं. निघण्याआधी मांड्यांना व्हॅसलीन. पलाणावर स्वतःची एक चौपदरी गोधडी टाकायला सांगा.

हिंगजिरे
पायमोजे उंच हवेत, पण लोकरीचे नकोत. भुरट नावाच्या गवताचे काटेरी गोळे लोकरीत असे रुततात की मोजे टाकूनच द्यावे लागतात. गुळगुळीत कापडाची विजार आणि घोट्यावर बांधलेले बूट. धोऱ्यावर सांजेला अनवाणी चालायला सुख आहे, फक्त झुडपांजवळ नाही.

अगस्ती
तारीख ठरवण्याआधी पंचांग बघा. अमावास्येच्या आगेमागे चार दिवस सर्वात चांगले. डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊला मृग, कृत्तिका, रोहिणी, व्याध सगळे आकाशात. जैसलमेरला ध्रुव क्षितिजापासून २७ अंशांवर दिसतो, पुण्यात साडेअठरा. उलट अगस्तीचा तारा पुण्यात १९ अंशांपर्यंत वर येतो, तिथे जेमतेम १०. दक्षिणेचं क्षितिज मोकळं असलेला धोरा निवडलात तरच तो दिसेल. आकाशगंगेचा दाट भाग हवा असेल तर फेब्रुवारी अखेर, पहाटे पाचला, आग्नेयेला.

भाकरतुकडा
पौर्णिमेची वाळू बघितली की तारे कोण मोजतं? मुलीला रात्री विजेरीशिवाय खेळता येईल एवढा उजेड असतो. शिवाय माघ पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरचा मरू महोत्सव.

अगस्ती
महोत्सवाच्या दिवसांत मात्र समला शांतता मागू नका. :) मध्यम मार्ग म्हणजे शुद्ध चतुर्थी ते षष्ठी. जेवणापर्यंत चंद्रकोर, मग अंधार.
सूर्याचं गणितही लक्षात असू द्या. डिसेंबर अखेरीस तिथे सूर्य साडेसातला उगवतो आणि सहाला मावळतो. पुण्याच्या मानाने सकाळ अर्ध्या तासाने उशिरा. 'पहाटे सहाला निघू' असं ठरवलंत तर काळोखात कुडकुडत बसाल.

धोरेवाला
त्यात भर : निघायला नऊ वाजतात ते केवळ थंडीमुळे नाही. रात्री उंटांचे पुढचे दोन पाय आखूड दोरीने जोडून त्यांना चरायला सोडतात. तसेही ते दोन-तीन किलोमीटर भटकतात. उंटवाला सकाळी पावलांच्या ठशांवरून माग काढून त्यांना आणतो. प्रत्येक उंटाचा ठसा त्याला ओळखता येतो. मुलीला त्याच्याबरोबर जाऊ द्या, सगळ्या सफारीतली ही सर्वात मोलाची शाळा आहे.
झोपायची जागा : धोऱ्याच्या माथ्यावर वारा, दोन धोऱ्यांमधल्या खळग्यात थंड हवा साचते. वाऱ्याआडच्या बाजूला, पायथ्यापासून थोडं वर, झुडपांपासून दूर. जानेवारीत रात्रीचं तापमान ५-८ अंशांवर येतं, कधी त्याहीखाली. वाळू झपाट्याने थंड होते, म्हणून अंगावर एक रजई असेल तर खाली दोन. दव पडतं, सगळ्यात वर ताडपत्री हवी, नाहीतर पहाटे रजई ओली. शौचाला मुक्कामापासून शंभर पावलं, वाऱ्याच्या खालच्या दिशेला, हातभर खड्डा. कागद पुरू नका, वारा दोन दिवसांत उघडा करतो. तो आणि सॅनिटरी पॅड बंद पिशवीत परत आणा.

माळढोक
सोलापूरकर म्हणून एक विनंती. सम आणि खुरी दोन्ही मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाच्या लगत आहेत. सुमारे ३१६२ चौरस किलोमीटरचं हे उद्यान माळढोक पक्ष्याचा देशातला शेवटचा मोठा आसरा. आमच्या सोलापूरजवळच्या नान्नजला आपण तो जवळपास गमावला. देशभरात उरलेत ते दीडशेच्या आसपास. ते उडताना समोरचं नीट बघत नाहीत आणि विजेच्या तारांवर आपटून मरतात, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यावर आदेश दिले होते. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. उंटवाल्याला गोडावणाचा माग काढायला पैसे देऊ नका, दिसलाच तर उंटावरूनच, लांबून बघा. उंटाला तो सहसा बिचकत नाही, पायी माणसाला बिचकतो. सेवण गवताच्या पट्ट्यात जीप घालू देऊ नका, अंडं जमिनीवरच असतं, आणि मादी वर्षाला बहुधा एकच घालते.

गोठा_ते_दवाखाना
मूळ प्रश्नातला सासूबाईंचा मुद्दा राहूनच गेला. गुडघे ही मुख्य अडचण नाही, अडचण कण्याची आणि हाडांची. माणसांच्या डॉक्टरांना हाडांची ठिसूळता आणि मणक्याबद्दल विचारा. उठता-बसतानाचे ते तीन झटके आणि पडलं तर दोन मीटर, हा हिशेब त्यांना सांगा. मणक्याचं दुखणं, नुकतीच शस्त्रक्रिया, गरोदरपण किंवा मूळव्याध असेल तर कोणत्याही वयात बसू नये.

धोरेवाला
पर्याय सोपा आहे, उंटगाडी. एक उंट, सपाट फळ्या, खाली रबरी टायर (पुष्कळदा विमानाचे जुने). वर गादी, लोड, सावलीला चादर. कडक माळावरून आणि गाडीवाटेने ती आरामात चालते, उभ्या धोऱ्यावर चढत नाही. म्हणून मुक्काम गाडीवाटेपासून चालत पाच-दहा मिनिटांवर निवडा. पाण्याचे कॅन, रजया, ताडपत्री सगळं गाडीत जातं, आणि थकलेलं कोणीही तासभर गाडीत बसू शकतं.

सोनटक्का
गाडीने दोन प्रश्न एकदम सुटले, पाणी आणि सासूबाई. ठरलं ते असं : जानेवारी, अमावास्येनंतरची पंचमी धरून दोन रात्री, खुरीच्या बाजूला. तीन उंट, एक गाडी. पहिल्या दिवशी संध्याकाळी दीड तास, दुसऱ्या दिवशी दोन अधिक दोन, तिसऱ्या दिवशी सकाळी दोन. वांद्र्याहून जोधपूरपर्यंत सूर्यनगरी एक्स्प्रेस, पुढे २८५ किलोमीटर मोटारीने. बोलणी करताना पैसे सोडून आणखी काय पक्कं करायचं?

तंगतोबरा
उंटवाला तोच, जो पूर्ण तीन दिवस सोबत राहील. मध्ये बदल नाही. फोनवर त्याच्याशीच बोला, दलालाशी नाही. उंटाचं नाव आणि वय विचारा. ज्याचा स्वतःचा उंट आहे तो सहा वर्षांचा की नऊ, दात किती आले, माजावर आहे का, सगळं अडखळल्याशिवाय सांगतो. भाड्याने आणणाऱ्याला नावही ठाऊक नसतं.
दुसरं, पळवायचं नाही हे आधीच सांगा. फोटोसाठी उंट दुडका धावतो तेव्हा नवखे पडतात.

गोठा_ते_दवाखाना
आणि उंटवाल्याचा मोबदला त्याच्या हातात द्या, तिसऱ्या दिवशी, उंटांना पाणी पाजून झाल्यावर. तहानलेला उंट दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरपर्यंत पितो. मुलीला ते नक्की दाखवा. फक्त तेव्हा बाजूने उभं राहायचं, तोंडासमोर नाही. पाणी पिऊन झालं की तो ओठ झटकतो.